फिरकी कुणाच्या हातची?

सगुणावहिनी गेल्याचं मला दौंडच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं! त्यांच्या दिराला, दत्तूला, शिरूरहून साधा निरोप धाडता आला नाही. मी शामुवेल, दौंडच्याच रेल्वेच्या शेडातला फिटर. वहिनींचा नवरा गंगाधर सोनार मिशनच्या शाळेतला माझा सोबती. तो तरणाताठा गेला आणि त्या घराची चूल वहिनींच्या लेथवर पेटत राहिली. सगळ्या पेठेला हे ठाऊक होतं. दत्तूला तेवढं ठाऊक नव्हतं.

हातभर लांबीचं, धातू फिरवून कातायचं यंत्र ते, शिलाईच्या पायमशीनला जोडलेलं. कानातल्या कुडीच्या दांडीवर बारीक आटे पाडायचे आणि त्यावर अचूक बसेल अशी सोन्याची फिरकी करायची. मोडक्या कानशी घासून त्या यंत्राला कातायची पाती मी करून न्यायचो. वहिनी ती भिंगाखाली बघत आणि म्हणत, “भावजी, ही तुमच्या इंजनाला लावा. माझ्या कुडीला न्हाई चालायची.” मग मी पुन्हा घासत बसायचो. दसऱ्याला सगळे हत्यारांना हळदकुंकू वाहत; वहिनी यंत्र रॉकेलनं धुऊन, पुसून तेलाचे थेंब सोडत. “कुकू देवाला वाहा. हितं कण गेला की यंत्र झिजतं.”

आणि पुढं दुकानात बसलेला दत्तू गिऱ्हाइकाला सांगे, “दादाच्या यंत्राचं काम हाय!” आयत्या बिळावर नागोबा! मी चिडलो की वहिनी म्हणत, “असू द्या... माझ्यामागं यंत्र कुसुमला मिळालं म्हंजी झालं. पोरीला शिकवलंय मी.”

रजा मिळून शिरूरला पोचलो तोवर तेरावंही उरकलं होतं. बघतो तर काय, यंत्राला झेंडूचा हार, हळदकुंकवाचा चिखल, वर नारळाचं पाणी सोडलेलं! लोखंडाला गंज चढू लागला होता. दत्तू म्हणाला, “दादाची आठवण हाय. कुणी हात लावायचा न्हाई. कुसुमनंबी.”

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. “मेल्या म्हशीला मणभर दूध व्हय रे? जिती होती तवा त्या बाईचं नाव घेतलं न्हाईस, आन् आता यंत्राचा देव करून तिच्या पोरीला बाहेर काढतोस?”

कुसुमनं हार उतरवला, रॉकेल आणलं. “पूजा मोडली!” म्हणून दत्तू धावला, तसा मी आडवा झालो. मग कुसुमनं आणि मी एकेक भाग सोडवून धुतला. हे लिहितानाही माझं डोकं तापतंय.

यंत्र जोडून होतंय तोच वडगाव रासाईची एक बाई दारात आली. लग्नघर, आणि कुडीची फिरकी हरवलेली. “सोनारीणबाई हाईत का?”

“त्या वारल्या,” दत्तू म्हणाला.

“अगं बया! आता कोण करंल? दुसऱ्या कुणाची बसतच न्हाई.” ती माघारी वळली.

दत्तू गडबडला. “थांबा की! पोर करंल आमची. दादाची लेक हाय.”

कुसुमनं पायमशीनवर पाय ठेवला. मान वर न करता म्हणाली, “सगुणा सोनारणीची, काका. तसं सांगा त्यांना.”