अतिथीने मागितलेली दक्षिणा

मी जयनगरच्या शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. देवाला नमस्कार करायची, पण नेमधर्माचा मला कंटाळाच. ह्यांचं उलट. सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते, तरी दत्तजयंतीच्या आधीचा पोथीचा सप्ताह त्यांनी कधी चुकवला नाही. गेल्या वर्षी, निवृत्तीनंतर, तर हट्टच धरला की रोजचं वाचन संपेपर्यंत आसन मोडायचं नाही. आणि मध्ये उठावं लागू नये म्हणून पाणीही प्यायचं नाही!

सप्ताहाच्या मध्यावर त्यांची डावी पोटरी सुजली. हात लावला तर गरम लागली. मी लगेच म्हटलं, "अहो, हृदय रक्त खाली ढकलतं, पण पायातलं रक्त वर चढवायला पोटरी लागते. चालताना ती आवळली जाते, शिरा दाबल्या जातात आणि आतल्या झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत. तुम्ही तासन्‌तास मांडी घालून बसता, त्यात पाणी नाही. रक्त तिथंच गोठेल. ती गुठळी सुटून हृदयातून फुप्फुसात जाऊन अडकली तर जिवावर बेतेल."

हे हसले. "बाई, शाळा सुटली आता. महाराज बघतील."

पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय! डॉक्टरांना घरी बोलावते म्हटलं, तर त्यालाही नकार. दुसऱ्या दिवशी सूज गुडघ्यापर्यंत आली. मी देवघराच्या दारात उभी राहून अक्षरशः देवाशी भांडले. म्हटलं, हा माणूस तुमच्यासाठी बसलाय, आता तुम्हीच उठवा त्याला. माझं तो ऐकत नाही.

नैवेद्याच्या वेळी बेल वाजली. दारात साठीच्या एक अनोळखी बाई होत्या, हातात मोगऱ्याचा गजरा. वरच्या मजल्यावर बहिणीकडे निघालेल्या, लिफ्टमधून चुकून आमच्या मजल्यावर उतरलेल्या. पण सप्ताहात नैवेद्याला दारी आलेला अतिथी म्हणजे साक्षात गुरू, त्याला विन्मुख पाठवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. ह्यांनी आतूनच हाक मारली, "त्यांना जेवल्याशिवाय सोडू नकोस!"

बाई आत आल्या आणि ह्यांना नमस्कार करता करता थबकल्या. कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणाल्या, "अण्णा, स्वल्प पाय दाखवा की. मी डॉक्टर आहे." पोटरी दाबताच हे कळवळले. बाईंचा चेहरा बदलला, पण आवाज मऊच राहिला.

"आधी जेवून घ्या," हे हात जोडून म्हणाले, "आणि दक्षिणा काय हवी ती मागा."

"सरी, बरं अण्णा, दक्षिणाच आधी मागते. पोथी झाका आणि आत्ता माझ्याबरोबर हॉस्पिटलला चला."

ह्यांनी मग पोथीत खूण घातली, डोकं टेकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले. इतके दिवस ज्यांना मी उठवू शकले नाही, ते लेकरासारखे उठले.

सोनोग्राफीत मांडीपर्यंत गेलेली गुठळी दिसली. रक्त पातळ करणारी इंजेक्शनं लगेच सुरू झाली. थोडाही उशीर झाला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टर सांगत होते आणि मी मान हलवत होते. उरलेले अध्याय मीच त्यांच्या खाटेशी बसून वाचले. मध्येमध्ये ते माझे उच्चार सुधारायचे आणि मी त्यांना पाणी प्यायला लावायची.

त्या बाई खरोखरच वरच्यांच्या बहीण निघाल्या, नंतर येऊन जेवूनही गेल्या. हे मात्र म्हणतात, महाराजच आले होते. मी वाद घालत नाही.

हॉस्पिटलमध्ये एका दुपारी त्यांना झोप लागली होती. मी सवयीने मनगट धरून नाडी पाहिली. हृदय आपल्या इच्छेवर चालत नाही, हे मी कितीतरी वर्गांना शिकवलं होतं, पण त्याबद्दल कुणाचे आभार मानावेत असं कधी मनात आलं नव्हतं. बोटांखाली ठोका येत होता, जात होता, पुन्हा येत होता. त्यात ना माझी हुशारी होती, ना ह्यांचा नेम. आमच्या हातात काहीच नव्हतं आणि तरीही आम्हाला सगळं मिळत होतं. माझे डोळे भरून आले. हात जोडावेसे वाटले, पण त्यांचं मनगट सोडवेना. मग त्यांचा हात तसाच मध्ये घेऊन मी हात जोडले.