हजेरीपटावरची घोंगडी

डोंगरकड्याच्या बाजारात आम्ही चार जुनी मंडळी भेटलो की चहा निवायच्या आत कोणी तरी "अंजुमन" म्हणतो आणि झालं! निम्मे किस्से मी सांगतो, निम्मे किसन सांगतो आणि दोघांचे काही जुळत नाहीत. दरवर्षी त्यात एखाद्या नव्या किश्श्याची भर पडते. खरं सांगू? त्या वर्षी आमच्या शाळेत नेमकं काय चाललं होतं ते मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आता नातवाला सांगताना तर आणखीच गोंधळ उडतो.

निजामाचं राज्य होतं. शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरायची आणि मास्तर एकच, विठ्ठल गुरुजी. एके दिवशी परभणीहून उर्दूतली ऑर्डर आली. गुरुजींनी ती तीनदा वाचली, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. पोरांनी आपली अंजुमन, म्हणजे कमिटी करावी आणि शाळेत काय सुधारायचं ते पोरांनीच सांगावं!

"म्हंजे आता तुमी मला सांगायचं," गुरुजी म्हणाले.

"काय सांगायचं, गुर्जी?"

"काय चुकून राहिलं ते."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शाळेत 'काय चुकलं' हा विषय निघाला की पाठोपाठ छडी निघायची, एवढं आम्हाला पक्कं ठाऊक. तेव्हा कोणी न सांगता आम्ही सगळे ओळीनं उभे राहिलो आणि हात पुढे केले. गुरुजींनी छडी उचलली, परत ठेवली. शेवटी त्यांनी त्या दिवशी शाळाच सोडून दिली.

* * *

कमिटीला सदर, म्हणजे अध्यक्ष पाहिजे. निवडणूक कशी करतात हे गावात कोणालाच माहीत नव्हतं, पाटलांनाही नाही. गुरुजींनी डोकं चालवलं. उमेदवार दोन, किसन आणि पाटलांचा माधव. प्रत्येकाच्या नावाचं एक मडकं ठेवलं. ज्याला मत द्यायचं त्याच्या मडक्यात चिंचोका टाकायचा.

शाळेत पोरं सव्वीस. मडक्यांतून चिंचोके निघाले तीनशेच्या वर!

झालं होतं असं, की आम्ही दिवसभर चिंचोक्यांनीच खेळायचो आणि किसननं साऱ्या गावाचे चिंचोके जिंकून ठेवले होते. तो घरून पिशवी भरून घेऊन आला आणि आपल्या मडक्यात ओतून मोकळा झाला.

"अरं, एकाला एकच मत ऱ्हातं!" गुरुजी ओरडले.

"काहून? जिंकलेत म्या!"

गुरुजींनी ऑर्डर पुन्हा काढली. एकाला किती मतं हे त्यात लिहिलेलंच नव्हतं. मग किसन सदर झाला. किसन हा किस्सा सांगतो तेव्हा पिशवीचं नाव काढत नाही, "लोकांनी भरभरून मतं दिली" एवढंच म्हणतो.

* * *

मग सूचना. एकानं सांगितलं, शाळा आमच्या मळ्यात न्या. दुसरा म्हणाला, सतराचा पाढा काढून टाका. गुरुजी घाम पुसत सगळं उर्दूत उतरवत होते.

सखू ही शाळेतली एकुलती एक पोरगी. ती उठली आणि म्हणाली, "गुर्जीला भाकर करून घालाया कोणी तरी पाठवा."

गुरुजी एकटे राहायचे. ओसरीच्या कोपऱ्यातच त्यांची चूल. आमचा पाढा रंगात आला की ते पिठलं ढवळायला उठायचे आणि पाढा अर्ध्यातच राहायचा. सखूचं म्हणणं बराबर होतं. गुरुजी लाजले, पण ऑर्डर म्हणजे ऑर्डर! तेही लिहून पाठवलं.

महिन्यानं जवाब आला. "तजवीज जेर-ए-गौर है." म्हणजे विचार चालू आहे.

त्या दिवसापासून गुरुजी रोज दाढी करायला लागले!

* * *

आता बाप्याचं सांगतो. बाप्या माझ्या शेजारी बसायचा. त्याच्या घरी मेंढरं. दिवाळी झाली की त्याचं सगळं बिऱ्हाड खाली नदीकडे जायचं. लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची आणि फाल्गुनात परतायचं. इकडे नियम असा, की महिनाभर पोरगं दिसलं नाही तर नाव कमी. त्यामुळे बाप्या तीन वर्षं पहिलीतच होता. हिशेबात तो आम्हा सगळ्यांच्या पुढे, पण परीक्षेच्या वेळी हजेरीपटावर त्याचं नावच नसायचं.

यंदा त्याचा बाप ओसरीवर येऊन सांगून गेला. "गुर्जी, आवंदा नाव गेलं तर बस झालं. मग पोरगं कायमचं मेंढरामागं."

बाप्या खाली मान घालून पाटी पुसत राहिला. पाटीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, इतकं की मी त्याला माझे उरलेसुरले चिंचोके देऊन टाकले.

किसननं कमिटी बोलावली. तोडगा सखूनं काढला. तिच्याही घरी चार मेंढरं होती.

"मेंढरांच्या वाड्यावर ज्यानं जिथं घोंगडी टाकली ती जागा त्याची. माणूस पाण्याला जाऊ दे न्हाई तर रानात, तिथं दुसरं कोणी बसत न्हाई. व्हय का न्हाई?"

"व्हय," बाप्या म्हणाला.

"मग तुजी घोंगडी हितं ठेव. घोंगडी हाय म्हंजे तू हाईस."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाप्यानं खांद्यावरची घोंगडी चाचपली. मग म्हणाला, "थंडी वाजंल की रं."

त्याच्याकडे ती एकच घोंगडी होती. जायच्या दिवशी त्यानं ती माझ्या शेजारी नीट घडी करून ठेवली आणि दोन्ही हात काखेत घालून बापामागं चालता झाला.

* * *

गुरुजींची मात्र पंचाईत. हजेरी घेताना बाप्याच्या नावाशी ते रोज थांबायचे. घोंगडीकडे पाहायचे, ऑर्डरीकडे पाहायचे आणि 'हाजिर' लिहायचे. पुढे त्यांना सवय झाली. एकदा आम्ही फार दंगा केला तेव्हा कडाडले, "बापूकडं बघा जरा! दोन महिने झाले, चकार शब्द न्हाई!"

* * *

आणि पौषात नाझर साहेब आले! नाझर म्हणजे शाळा तपासणारे. घोड्यावरून उतरले ते थेट हजेरीपटाशीच.

"बापू?"

गुरुजींच्या हातातला खडू मोडला.

सदर किसन उठला. "हाजिर है, साहब."

"कहाँ?"

किसननं घोंगडीकडे बोट दाखवलं. साहेबांनी घोंगडी पाहिली, गुरुजींना पाहिलं. गुरुजींनी ऑर्डर पुढे केली. "हुजूर, अंजुमनने तय किया."

मग सखूनं आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. वाड्याची रीत सांगितली, बाप्याच्या बापाचं बोलणं सांगितलं, घोंगडी एकच असल्याचंही सांगितलं. साहेबांना त्यातलं किती कळलं देव जाणे.

साहेबांनी एकेकाला विचारलं, "मदरसे में क्या चाहिए?" कोणी घंटा मागितली, कोणी नकाशा. मग ते माझ्या शेजारी आले, गुडघ्यावर बसले आणि घोंगडीला म्हणाले, "बापू, तुम्हें क्या चाहिए?"

आणि थांबले. जेवढा वेळ मला दिला होता तेवढाच घोंगडीलाही दिला. मग वहीत काही तरी लिहिलं आणि घोड्यावर बसून निघून गेले. नाव राहिलं का गेलं, तेही सांगितलं नाही. गुरुजी दोन दिवस जेवले नाहीत.

फाल्गुनात बाप्या आला. वाळला होता, खोकत होता. ओसरीच्या पायरीवरूनच त्यानं विचारलं, "गुर्जी, नाव हाय का?"

"हाय! परभणीहून साहेबाच्या सहीचा कागद आलाय!"

बाप्या आपल्या घोंगडीवर बसला आणि परीक्षा दिली. पहिली पास!

निकालाच्या दिवशीच परभणीहून पार्सल आलं. घंटा नाही, नकाशा नाही. कोरी करकरीत, जाडजूड काळी घोंगडी एक. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही.

गुरुजींनी ती ओसरीवर पसरली आणि सवयीनं हजेरीपट उघडला. मग गोंधळून आमच्याकडे पाहिलं.

"बापू हितं. बापूची घोंगडी हितं. मंग ही कोण?"

बाप्यानं नव्या घोंगडीवरून हात फिरवला आणि आपली जुनी खांद्यावर टाकली.

"गुर्जी, ही म्हंजे पुढल्या थंडीतला मी!"