दांडीवरची चमक

आमच्या यांनी बास गिटार विकायला काढली तेव्हा रायपूर छत्तीसगडची राजधानी होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. ऑर्केस्ट्रे जाऊन डीजे आले होते, पण कारण ते नव्हतं. स्कूटरवरून पडल्यापासून यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकतच नव्हती. आपल्याला वाजवता येत नाही तर वाजवणाऱ्याकडे जाऊ दे, भिंतीवर टांगायला मात्र देणार नाही, एवढंच यांचं म्हणणं.

ऑफिस सांभाळून वीस वर्षं गणपतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवलेली जुनी जपानी बास ती. चार जाड तारा, आणि आवाज असा, की कानाआधी पायाला कळायचा. हे रियाजाला बसले की माझ्या मांडणीतली स्टीलची ताटं थरथरायची. मी चिडून ताटांच्या मधे फडकी कोंबायची.

विकायच्या आधी यांनी तिचा पोपडे आलेला लाल रंग खरवडला. गोल बाजारातून पॉलिश पेपर आणि लॅकर आणलं, आणि दोन महिने ओसरीत ठाण मांडलं. अधू हातानं दाबून धरायचं, चांगल्या हातानं घासायचं. एक थर द्यायचा, वाळला की पुन्हा घासायचा. धुळीचा कण बसला तर अख्खा थर उतरवायचे. मला तर फडकंही मारू देत नव्हते. माझ्याकडं कधी इतकं निरखून पाहिलं का, असं मी दोनदा तरी ऐकवलं असेल. पण शेवटी लाकडाच्या रेषा उजळून वर आल्या तेव्हा माझं तोंडच बंद झालं. इतका चिवट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. हे बसवायचे आणि आधी दोषच सांगायचे. तिसरी खुंटी घसरते, एक बटण खरखरतं, मूळचा रंग मीच काढून टाकला. एका नव्या हॉटेलवाल्याला शोभेसाठी हवी होती, तो अर्धा चहा टाकून गेला. ते ठीकच झालं. पण वाजवणारे दोघंही बास हातात न घेताच गेले, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"विकायची नसंल तर सरळ सांगा ना," मी म्हटलं, "लोकायले काहून पळवून राहिले?"



मग ब्राह्मणपारा मोहल्ल्यातली एक पोट्टी आली. मराठी घरातली, सगळं समजायचं, पण बोलायची हिंदीतच. कॉलेजच्या बँडमध्ये दुसऱ्याची बास मागून वाजवायची. यांनी दोषांची पूर्ण यादी वाचली. प्रत्येक दोषाला ती मान डोलावून हव म्हणाली, बास मांडीवर घेतली, थोडी वाजवली आणि थांबली.

"अंकल, एक कमी आपने नहीं बताई," ती हळूच म्हणाली. "पीछे हाथ चिपकता है."

वाजवताना अंगठा दांडीच्या मागून सारखा सरकत राहावा लागतो, आणि यांनी तिथंही लॅकरची काचेसारखी चमक आणली होती, तिला घामेजला अंगठा चिकटायचा. वाजवणाऱ्याला पहिल्या मिनिटात कळणारी गोष्ट. यांना दोन महिन्यांत कळली नाही, कारण वाजवणारा हात त्या दांडीवरून फिरलाच नव्हता. यांचा चेहरा उतरला. मला त्या पोरीचा रागच आला.

हे उठले. उरलेला बारीक पॉलिश पेपर आणला आणि स्वतःच चढवलेली चमक स्वतःच घासायला लागले. थोडं घासायचं, तिच्या हातात द्यायचं आणि तिच्या तोंडाकडे पाहायचं. तिनं मान हलवली की परत घासायचं. चौथ्यांदा तिचा हात वरपासून खालपर्यंत सुळकन गेला.

"आता तुह्या हाताची झाली," हे म्हणाले. "घेऊन जाय, बेटा."

जायच्या आधी तिनं ॲम्प्लिफायरला लावून वाजवली. आत ताटं थरथरली. मी सवयीनं उठले, फडकं घेऊन मांडणीपाशी गेले आणि तशीच उभी राहिले. ताटं वाजत होती, वाजू दिली.