माळवद कुणी चोपलं?

आधीच सांगते, भुताखेताच्या गोष्टी वाचून हसणारी बाई आहे मी. वडिलांनी धम्म घेतला तेव्हाच अंगारे-धुपारे, देवऋषी सगळं आमच्या घराबाहेर गेलं. माहेर अर्धापूरचं… केळीच्या बागेत अमकी दिसली, तमकी दिसली असं तिथल्या बाया सांगायच्या आणि मी त्यांची टिंगल करायचे. तरी हे लिहून राहिले, कारण मनातून जातच नाही.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नवी ऑफिसं, ट्रान्सफर होऊन आलेली माणसं, आणि खोल्यांची मारामार. त्यात आडनाव विचारलं की आमच्यासाठी खोली 'आत्ताच गेली' असायची. शेवटी गंजगोलाईच्या मागच्या बोळात दोन खोल्या मिळाल्या. मातीच्या भिंती, वर माळवद. मी, नांदेडहून बदलून आलेले आमचे हे, आणि अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. पुढची खोली म्हणजे नुसती वाटच, म्हणून त्यांचं अंथरूण आतल्या खोलीत. आणि बरोब्बर त्यांच्यावरचा लाकडी सर, म्हणजे छताची तुळई, मधोमध झुकलेला.

ज्यांना माळवद माहीत नाही त्यांच्यासाठी – लाकडांवर मातीचं छत असतं ते. दर उन्हाळ्यात वर पांढरी माती टाकून फळीनं चोपून घट्ट करावं लागतं. पण ती सालं दुष्काळाची. पाऊस नाही तर पांढरी कशाला, म्हणून मालकानं हातच लावला नव्हता. भेगा पडून माती खाली झडायची. भाकरीत माती, सासूबाईंच्या डोळ्यांत माती. त्यांना हात उचलून पुसताही यायचं नाही. मी पदरानं त्यांचं तोंड पुसत बसायचे आणि मला रडू यायचं. तो सर कधी खाली येईल याची धास्ती वेगळीच.

मालकाला सांगितलं की म्हणायचा, पाऊस येऊ द्या, मग बघू. तहान लागल्यावर विहीर खणणारा माणूस… अन् लातुरात विहिरीला तरी कुठं पाणी होतं?

ह्यांच्या ऑफिसातल्या एकानं सांगितलं, दुरुस्ती मालकाची जबाबदारी असते, तो करत नसेल तर तक्रार करा, नाहीतर रीतसर कळवून स्वतः करून घ्या. ह्यांनी मालकाला तसं बोलून बघितलं. त्यानं त्याच दिवशी अंगणातली शिडी उचलून आपल्या घरी कुलपात टाकली.

"आज मातीला हात लावताल, उद्या घरावर हक्क सांगताल," म्हणाला. "माझं घर पडलं तरी चालंल, पर भाडेकरूचा हात लागायचा न्हाई."

मग मात्र ह्यांनी तक्रार दिली.

तिचं काही होण्याआधीच एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या करत असताना वर आवाज सुरू झाला. धप… धप… मधे काकणांची किणकिण. मला बरं वाटलं. म्हटलं, तक्रारीला भिऊन मालकानं बाई लावली वाटतं. उजेडासाठी छताला सवणं असतं, त्या भोकातून मी वर हाक दिली, मावशी, जरा हळू, खाली पेशंट हाय. आवाज लगेच मऊ झाला, लेकराला थोपटावं तसा. सासूबाई डोळे मिटून शांत पडल्या होत्या आणि माती झडायची थांबली होती.

रोज दुपारी असं चाललं. एकदा पाणी द्यावं म्हणून मी अंगणात येऊन हाका मारल्या, तर आवाज बंद. शिडी कुठं दिसेना. शेजारच्या गच्चीवरून येत असेल म्हणून मी विषय सोडला. सासूबाईंच्या डोळ्यांत माती जात नव्हती, मला दुसरं काय पाहिजे होतं?

मग चौकशीला साहेब आले. शेजारच्या गच्चीवरून त्यांनी पाहिलं तर आमचं माळवद पांढरंशुभ्र, गुळगुळीत. मालक पटकन म्हणाला, मीच करून घेतलं की. झालं, तक्रार निकाली. साहेब गेल्यावर मात्र तो आमच्या दारात आला आणि कुणाला वर चढवलं म्हणून मलाच विचारायला लागला. मी म्हटलं, बाई तर तुम्ही लावली. त्याचं तोंड उतरलं.

"म्या कुणालाच लावलं न्हाई. शिडी कुलपात हाय."

शेजारच्या बानोबी हे ऐकून गुपचूप आत गेल्या. मी मागोमाग गेले, तेव्हा त्यांनी सांगितलं. आमच्या आधी त्या खोलीत भागाबाई राहायची, उमरीकडची. नवरा आजारी, तिथंच अंथरुणाला. पांढरी टाका म्हणून तिनं मालकाच्या लई विनवण्या केल्या. शेवटी टोपल्यानं स्वतःच माती वाहून आणली, तर त्यानं वर चढू दिलं नाही. एका दुपारी ती पाण्याला गेली आणि इकडं छत नवऱ्यावर पडलं. मालकानं जुनीच लाकडं बसवून खोली परत भाड्यानं दिली. भागाबाई गावी गेली ती वर्षाच्या आत वारली.

"मट्टी डालनेकू आई होंगी बिचारी," बानोबी म्हणाल्या.

असलं काही नसतं, मी म्हटलं. पण घरी येऊन आधी छताकडं बघितलं.

मालकाला भुताची नाही, हक्काची भीती. ही आमचीच करामत आहे असं त्यानं ठरवलं आणि दुसऱ्याच सकाळी दोन गडी कुदळी देऊन वर पाठवले, नवी पांढरी उकरून टाकायला. स्वतःच्याच घराचं छत… काय म्हणावं ह्या माणसाला? हे भांडले, मी भांडले, त्यानं ऐकलं नाही. थोड्या वेळानं दोघं गडी घाईनं खाली उतरले.

"बाई, म्हातारीला आधी बाहेर काढा," त्यातला एक म्हणाला. "सरात लाकूडच न्हाई, निस्ती वाळवी हाय. हे माळवद कशावर उभं हाय, आमाला कळंना."

आम्ही सासूबाईंना अंथरुणासकट उचललं. त्या दुखण्यापासून त्यांच्या तोंडून धड शब्द फुटला नव्हता. उंबऱ्यात आल्यावर त्यांनी मान वळवून छताकडं पाहिलं आणि स्पष्ट म्हणाल्या,

"सोड आता, पोरी. दमलीस."

आम्ही अंगणात पोचतो न पोचतो तोच आतली खोली खाली बसली.

पुढं आम्ही नांदेडला परत आलो. सासूबाई तिथंच गेल्या. पुन्हा एक शब्दही बोलल्या नाहीत, त्यामुळं त्यांना काय दिसलं ते कळलंच नाही. मी लॉजिक लावून पाहिलं… कुणी चोरून माती टाकली असेल, वाळवी लागलेल्या सरानंही भार पेलला असेल. नाही जुळत. भुतांवर माझा आजही विश्वास नाही. फक्त वाईट वाटतं. स्वतःच्या नवऱ्यासाठी जिला कुणी वर चढू दिलं नाही, ती मेल्यावर उन्हातान्हात परक्या म्हातारीसाठी माती चोपत बसली. मालकानं नाहीच केली ती दुरुस्ती. शेवटी भाडेकरणीलाच करावी लागली.