मुखत्यार काका

वडील गेल्यावर आमच्याकडच्या शहाणपणाचा मक्ता काकांकडे गेला. आयुष्यभर सरकारी कचेरीत आवक-जावक लिहून ते निवृत्त झाले होते, आणि तेवढ्यावर आपल्याला कायदा तोंडपाठ असल्याचा त्यांचा समज होता. सत्तरच्या दशकात माझ्या नवऱ्याने मी नांदायला यावं म्हणून नागपूरच्या कोर्टात दावा लावला, तेव्हा काकांनी वकील करूच दिला नाही. "वकील काहून पाहिजे वं? मी आहो ना," म्हणाले आणि माझ्या वतीने बोलण्याच्या मुखत्यारपत्रावर माझी सही घेतली.

मला एवढंच हवं होतं, की कामठीच्या त्या घरात पुन्हा जायला लागू नये. नवरा बाहेरून कडी लावून जायचा, आणि शेजारच्या विणकरांच्या मागांच्या खडखडाटात माझी हाक कुणाला ऐकू जात नसे. हे मी काकांना दोनदा सांगितलं. त्यांनी एक अक्षर लिहून घेतलं नाही. काळा कोट मात्र शिवायला टाकला.

कोर्टात मला मागच्या बाकावर बसवलं. मुखत्याराने ज्याच्या वतीने उभं राहायचं, तोच होऊन 'मी' म्हणून बोलायचं असतं, अशी काकांची पक्की समजूत. "मी लग्न होऊन कामठीले गेली," त्यांनी सुरुवात केली. एवढा मिशीवाला माणूस! लोक तोंडाला रुमाल लावून हसत होते. मला किळस आली. नवऱ्याच्या वकिलाने त्यांना दोनदा 'वकीलसाहेब' म्हटलं, समेटाची गोष्ट काढली, आणि काका विरघळले. छाती काढून म्हणाले, "मी नांदायले तयार आहो."

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "नांदायला तुम्ही जाणार का?" बाजू मांडायला वकील द्या, नाहीतर बाई स्वतः बोलतील, असं सांगून त्यांनी मला पुढे बोलावलं.

"मी नाही जात," मी म्हटलं आणि कडीचं सांगितलं. मध्येच काका उठले. "साहेब, तिचं ऐकू नका. मुखत्यार मी आहो." त्यांना खाली बसवून न्यायाधीशांनी माझं सगळं लिहून घेतलं.

बाहेर आल्यावर काका फणफणले, "भरल्या कोर्टात माही इज्जत काढली तू." त्यांची अर्ध्या तासाची इज्जत, इकडे माझा जन्म चालला होता. पुढे दावा फेटाळला गेला, त्या दिवशी मी गल्लीभर पेढे वाटले, काकांचं घर तेवढं वगळून.