शनिवारी फळ्यावर न लिहिलेली दोन अक्षरं

पुण्याहून बंगलोरला निघाले ती निबंध वाचायला. तिथल्या विद्वत्परिषदेने आमच्या प्राचीन रब्बींच्या, म्हणजे यहुदी शास्त्र्यांच्या, कायद्यातल्या शनिवारच्या विश्रांतीवर बोलायला बोलावलं होतं. वारही शनिवारच निवडला होता. चाळिशी उलटल्यावर विद्वानांपुढे उभं राहायची पहिलीच संधी, म्हणून मी होकार कळवला.

मीटरगेजची गाडी रमतगमत जाते. डबा आणि शाल बरोबर हवीच. शुक्रवारी दुपारी उतरून आधी निबंध सभागृहात पोचवला, कारण शनिवारी कागद घेऊन रस्त्याने जाणंही आम्हाला निषिद्ध. मग टांग्याने मल्लेश्वरमला गंगाक्कांकडे मुक्कामाला. तीन पिढ्यांचं मराठी घर, चिकपेटेत कापडाचं दुकान. शनिवारी मी विस्तव पेटवत नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्यासाठी चूल पेटणारच आहे. तुम्ही स्वल्प कॉफी घ्या. सोवळं कळतं मला." खाण्याचे नियम पाळणाऱ्यांनी इथल्या उडुपी हॉटेलांतही निर्धास्त जावं.

सकाळी अध्यक्षांची मोटार आली. शनिवारी मी वाहनात बसत नाही म्हणून चालत निघाले. मोटार रिकामीच माझ्या मागे मागे आली.

सभेत अध्यक्ष म्हणाले, आधी मूळ हिब्रू शब्द फळ्यावर लिहा. मी म्हटलं, आज लिहिता येत नाही. निबंध त्यावरच आहे.

"बाई, आपण धर्म पाळायला नाही, अभ्यासायला जमलो आहोत."

झालं, वाद पेटला. खडू पुसला जातो, मग ते लिहिणं कसं? मी सांगितलं, न टिकणाऱ्या लिखाणालाही रब्बींची मनाई आहे. एक नाही, दोन अक्षरं लिहिली तरच गुन्हा, असं का? प्राचीन पवित्र तंबूच्या फळ्या जुळवायला त्यांवर खुणेची अक्षरं लिहीत, तिथून ते आलं. डाव्या हाताने लिहिलं तर? तेही सांगितलं. मग एका पंडितांनी हसून विचारलं, "तुम्ही कोकणातले शनवार तेली ना, शनिवारी घाणा बंद ठेवणारे? तुमच्या घाण्याच्या बैलाला काय कळतो शनिवार?"

"कळायची गरज नाही. त्यालाही विसावा द्यावा, असा कायदा आहे. आमचे पूर्वज हिब्रू अक्षरं विसरले होते. शनिवारी बैल सोडायला विसरले नाहीत."

घंटा वाजली. चर्चेत वेळ गेल्याने बाईंचा निबंध राहून गेला, याबद्दल अध्यक्षांनी खेद व्यक्त केला.

रविवारी चिकपेटेत एक साडी घेऊन परतीची गाडी धरली. बंगलोरची हवा छान, माणसं अगत्याची. जाणार असाल तर वार बघून जा.

घरी नवऱ्याने, रुबेनने, दारातच विचारलं, "अगं, वाचू दिला का निबंध?"

"नाही," मी म्हटलं, "पण सगळा विचारून घेतला."