च्यामामांची शेगडी

डिचोलीच्या बाजारात च्यामामांचं शेगड्यांचं दुकान होतं. नाव च्यामामा, पण चहा त्यांनी जन्मात कधी विकला नाही. शेगडी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते दुकानाच्या कोपऱ्यावर बसवायचे. तिथे दोन इमारतींच्या फटीतून भसाभस वारा यायचा. मग हातात टोप द्यायचे आणि म्हणायचे, "आदी च्या करून दाखय. मगे व्हर." चहाला उकळी आली तरच शेगडी घरी न्यायची, नाही तर ती परत फळीवर. गिऱ्हाईक कितीही तणतणलं तरी मामा ढिम्म.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझं पार बिनसलं होतं. खाण बंद पडून मशीन ऑपरेटरची नोकरी गेली होती आणि हळर्णला नदीकाठच्या आमच्या जागेत तंबू लावून पर्यटकांना बोलवायचं खूळ मी डोक्यात घेतलं होतं. बायको म्हणाली, "एकदा करून बघा. जमला नाय तर मुरगावात बंदरार काम बघूया." म्हणजे गाव सोडायचं! बारा पाहुण्यांची पहिली तुकडी शनिवारी येणार होती. त्यांना नदीकाठी, डोळ्यांसमोर शिजवलेलं गरम जेवण मी छातीठोकपणे कबूल केलं होतं. हे फसलं असतं तर मुरगावच.

मामांचे प्रश्न ठरलेले. "माणसां किती? टोप केवडो? वारो खंयसून येता?" मी उत्तरं देण्याऐवजी मोबाइलवर एक चकचकीत घडीचं ग्रिल दाखवलं. सुटकेससारखं बंद व्हायचं. फोटोत एक हसरी जोडी त्यावर मासे भाजत होती. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो नीट बघितला आणि म्हणाले, "झिला, फोटोत वारो नसता."

पत्र्याची पारख त्यांना कानाने. खिशात कायम एक जुनी कुलेर असायची. त्या चमच्याने शेगडीवर टक्‌टक् करायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. पत्रा पातळ निघाला की आमटीत मीठ जास्त पडल्यासारखं तोंड करायचे. मला त्यांनी सुचवली ती ओतीव लोखंडाची, बुटकी, रुंद पायांची, छोट्या सिलिंडरवर चालणारी. दिसायला अगदीच बोजड. म्हटलं, शहरातले पाहुणे हसतील हो मामा. "पावणे शेगडी बघूक येतत की जेवूक?" त्यांनी विचारलं. मला रागच आला. तरातरा घरी आलो आणि ते ग्रिल मागवलंच. शहाणा ना मी!

शनिवारी पाहुण्यांनी ग्रिलचे फोटो काढले. माझी कॉलर ताठ. पण नदीवरच्या वाऱ्यात कोळसे धड पेटेनात, तेव्हा मी आमच्याकडे कोणीही करील तेच केलं. पोतंभर करवंट्या होत्या, त्या घातल्या. जन्मभर आंघोळीचं पाणी करवंट्यांवरच तापलेलं, पण ती चूल चिऱ्यांची होती हे माझ्या टाळक्यात आलं नाही. करवंट्या भडकल्या, पत्रा लाल झाला, पाय वाकले आणि सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, आमटीचा टोप वाळूत आडवा. कोणाला भाजलं नाही हे नशीब. घर तिथून लांब. बारा माणसं भुकेली.

मी मामांना फोन लावला. "मामा, चूक झाली." पलीकडून आवाज आला, "वारो खंयसून येता?" म्हटलं, नदीकडून. "येतंय मी."

तासाभरात आले. स्कूटरच्या पायाशी तसलीच एक बुटकी, पण वापरून काळवंडलेली शेगडी, मागे सिलिंडर बांधलेला. एक टोमणा नाही, वाकलेल्या ग्रिलकडे नजरसुद्धा नाही. नदीकडून पत्र्याचा आडोसा उभा केला, सिलिंडरची बाजू मात्र मोकळी ठेवली. "तेका कोंडूचो नाय," एवढंच शिकवलं. मी घाईघाईने भाताचं आधण ठेवायला गेलो, तर माझा हात धरला. "आदी च्या." चहा उकळला, पाहुणे हसले, बायकोने उरलेली सुंगटं साफ करायला घेतली. जेवण उशिरा झालं, पण पोटभर झालं.

निघताना शेगडी उचलायला गेलो तर म्हणाले, "ऱ्हावंदे. दुकानात आसत रे कितक्योय."

त्या पाहुण्यांनी पुढचे पाहुणे पाठवले. मुरगावचं नाव घरात पुन्हा निघालं नाही.

गेल्या वर्षी मामा गेले. भेटायला गेलो तेव्हा त्यांची मुलगी मला म्हणाली, "ती शेगडी विकूची नव्हती. बाबा सकाळचो च्या तिच्यारच करीत. मागीर हॉटेलातलो पीत आणि रोज तेका नावां ठेवीत. दुसरी काडा म्हटला तर म्हणीत, माझी शेगडी हळर्णाक कामाक लागली."

मी तिथेच, माणसांसमोर, ढसाढसा रडलो. नोकरी गेल्यावर मला कामाला लावायला कोणी आलं नव्हतं. मामांनी स्वतःच्या तोंडचा चहा देऊन मला कामाला लावलं, आणि जाईपर्यंत मला तसं कळूसुद्धा दिलं नाही.